गेल्या महिन्यात काय काय वाचलं?

गेल्या महिन्यात किती पुस्तकं वाचली असं कोणी विचारलं की आपण लगेच आकडा सांगतो, चार, पाच, असं काहीतरी. मग नावं सांगा म्हटलं की दोन पटकन येतात, तिसरं जरा डोकं खाजवून येतं, आणि चौथं म्हणून जे सांगतो ते बरेचदा त्याच्या आधीच्या महिन्यात वाचलेलं असतं. हे फक्त पुस्तकांच्या बाबतीत होतं असं नाही, सर्व्हे करणाऱ्या लोकांना हा प्रॉब्लेम फार पूर्वीपासून माहितीये. १९६४ साली नेटर आणि वॅक्सबर्ग या दोन अमेरिकन संशोधकांनी घरदुरुस्तीवरच्या खर्चाच्या मुलाखती तपासल्या, तर लोक आधी केलेला खर्च अलीकडच्या काळात ओढून आणत होते, आणि छोटे छोटे खर्च विसरून जात होते. यातल्या पहिल्या चुकीला टेलिस्कोपिंग म्हणतात, दुर्बिणीतून लांबचं जवळ दिसतं तसं. त्यावर त्यांनी तपासलेला उपाय अगदी साधा होता, मागच्या मुलाखतीत त्या घराने काय सांगितलं होतं ती नोंद समोर ठेवायची आणि मग विचारायचं. जुनी नोंद हाताशी असली की ही चूक बरीच कमी होते.

म्हणजे वाचनाची यादी ठेवायला एक कारण तर इथेच मिळालं. पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते पुढचं, की यादी नक्की कशी ठेवली तर वाचलेलं डोक्यात राहतं, कारण नुसतं नाव आणि तारीख लिहून गोष्ट काही लक्षात राहत नाही.

विसरण्याचं पहिलं नीट मोजमाप जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाउसने केलं, १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. त्याने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही वेळाने तीच परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते बघायचं. वीस मिनिटांनी साधारण ५८ टक्के मेहनत वाचत होती, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४ च्या आसपास, आणि महिन्याने २१. यातली खरी गोष्ट आकड्यांपेक्षा त्या रेषेच्या आकारात आहे, सुरुवातीला धाडकन खाली आणि मग हळूहळू सपाट. बहुतेक नुकसान पहिल्या दिवसातच होतं.

अर्थात कादंबरी म्हणजे काही निरर्थक अक्षरं नव्हेत. गोष्टीला अर्थ असतो, कारण आणि परिणाम असतात, त्यामुळे ती जास्त टिकते, पण ती जशीच्या तशी टिकत नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ च्या पुस्तकात याचं फार सुंदर उदाहरण दिलंय. त्याने इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुन्हा पुन्हा, कधी कधी महिन्यांनी, आठवून लिहायला सांगितली. लोकांच्या लिहिण्यात कथा छोटी होत गेली, विचित्र वाटणारे भाग गळून पडले आणि अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या गोष्टी आल्या, मूळ कथेतली लांब होडी साधी बोट झाली, सील मारायला निघालेली माणसं मासेमारीला गेली. वाचणाऱ्याच्या डोक्यात जी गोष्ट राहते ती त्याने स्वतः नव्याने जुळवलेली असते, आणि त्याला मात्र खात्री असते की मूळ हीच.

कॉमिक्सच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. चित्रं ओळखण्यात आपण प्रचंड हुशार असतो. कॅनडातल्या लायनेल स्टँडिंगने १९७३ साली लोकांना तब्बल १०,००० चित्रं दाखवली, प्रत्येक पाच सेकंद, काही दिवसांत मिळून, आणि नंतर एक पाहिलेलं आणि एक नवीन असं जोडीने समोर ठेवलं तर बहुतेक वेळा लोकांनी पाहिलेलं बरोबर ओळखलं. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. वाचनाची नोंद ठेवायच्या ॲपमधल्या शेल्फवर मुखपृष्ठांची रांग दिसली की वाटतं अरे हे सगळं तर आपल्याला आठवतंय, आणि ते वाटणं खरं नसतं, फक्त चित्र ओळखीचं वाटतंय. ज्यांनी लहानपणी मराठीतली इंद्रजाल कॉमिक्स वाचली, १९६४ ला सुरू झालेली, त्यातल्या वेताळ या नायकाचा मुखवटा आणि कवटीची अंगठी कधीही समोर आली तरी ते ओळखतील, पण एखाद्या अंकाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा म्हटलं की बहुतेकांची गाडी दुसऱ्या पानावरच थांबते.

मग आठवणं कसं वाढवायचं? यावर २००६ सालचा रोडिगर आणि कार्पिके यांचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरांवर. एक उतारा वाचून झाल्यावर परत वाचायचा, आणि दुसरा वाचून झाला की बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, बरोबर आलं की चूक हे सुद्धा कोणी सांगणार नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचलेलं जास्त आठवत होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आणि आठवड्याने उलटं झालं, परत वाचलेलं ४२ टक्क्यांवर आलं आणि आठवून लिहिलेलं ५६ वर राहिलं. म्हणजे आठवायचा प्रयत्न केला की नुसती आठवण तपासली जात नाही, त्या प्रयत्नानेच ती पक्की होते.

म्हणून माझं म्हणणं असं की वाचनाची नोंद ही हिशोबाची वही म्हणून ठेवूच नये, ती आठवायची जागा म्हणून ठेवावी. पुस्तक संपलं की लगेच नको, एक रात्र जाऊ द्या, आणि पुस्तक न उघडता, मागचं कव्हर न बघता, नेटवर न शोधता तीन चार ओळी लिहा, कोण होतं, काय झालं, कुठला प्रसंग डोक्यात अडकला. जिथे नाव आठवत नाही तिथे जागा सोडा आणि लिहून झाल्यावरच पुस्तक उघडून बघा. याला वेळ लागतो आणि सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण कठीण वाटतंय तोच भाग काम करतोय.

कॉमिक असेल तर अजून एक करता येतं, एखादी चौकट आठवून काढायची. कॅनडातल्या वॉटरलू युनिव्हर्सिटीत २०१६ साली वॅम्स, मीड आणि फर्नांडिस यांनी दाखवलं की शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो, आणि चित्र चांगलं यायची गरज नाही, अगदी काही सेकंदांचं रेखाटन सुद्धा चालतं. त्यांचा प्रयोग साध्या शब्दांवर होता, कॉमिक्सवर नव्हता, पण चित्र काढायचं तर कोण कुठे उभं होतं, कुठल्या बाजूने प्रकाश होता, चेहरा कसा होता हे सगळं आठवावंच लागतं, म्हणून मला हे कॉमिक्ससाठी अगदी योग्य वाटतं.

आता आकड्याकडे येऊ, कारण महिन्याच्या यादीचा शेवट नेहमी आकड्यावरच होतो. मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियन संशोधकाने २०१९ साली १९० अभ्यास एकत्र करून मोजलं की इंग्लिशमध्ये मनातल्या मनात ललित वाचताना माणूस सरासरी मिनिटाला २६० शब्द वाचतो, माहितीपर मजकूर असेल तर २३८. म्हणजे ८०,००० शब्दांची कादंबरी म्हणजे सलग पाच तासांपेक्षा थोडं जास्त. मराठीला हे आकडे जसेच्या तसे लावू नका हां, आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी शब्दालाच चिकटतात, इंग्लिशच्या तीन शब्दांचं काम आपला एक शब्द करतो, त्यामुळे मिनिटाला शब्द कमीच भरणार. पण मुद्दा तोच, अमेरिकन मासिक कॉमिकचा वीस बावीस पानांचा अंक अर्ध्या तासाच्या आत संपतो, आणि यादीत तो आणि ती पाच तासांची कादंबरी दोन्ही एक एक म्हणूनच बसतात.

यावर काही लोक लगेच म्हणतात की मग कॉमिक्स मोजूच नका, ते काय वाचन थोडंच आहे. हे मला अजिबात पटत नाही, आणि विज्ञानालाही पटत नाही. नील कोन या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली शब्द नसलेल्या सहा सहा चौकटींच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या, 'पीनट्स' मधल्या चौकटी वापरून बनवलेल्या, आणि डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत संकेत मोजले. काही पट्ट्यांत गोष्ट नीट होती, काहींत चौकटी कशाही विस्कटलेल्या. वाक्यात विचित्र शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक ठराविक लाट उठते, एन-४०० नावाची, कुटास आणि हिलियार्ड यांनी ती १९८० मध्ये शोधली होती, आणि तशीच लाट इथे चौकटींना पण उठली, विस्कटलेल्या क्रमात मोठी आणि नीट गोष्टीत लहान. म्हणजे दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं हे मेंदू सतत जुळवत असतो, आणि हे जुळवणं सवयीने सुधारतं, ज्यांनी कॉमिक्स भरपूर वाचलीत त्यांना ते सोपं जातं. कॉमिक्स मोजायचीच, पण वेगळ्या रकान्यात, मालिकेचं नाव आणि अंक कितवा ते कितवा असं. दिवाळी अंकांचं पण तसंच करावं, १९०९ च्या 'मनोरंजन' पासून चालत आलेला हा प्रकार एका संख्येत बसत नाही, एका अंकात कथा, कविता, लेख सगळं असतं, त्यामुळे जी कथा आवडली तिचीच वेगळी नोंद करा.

आकडा समोर ठेवण्यात अजून एक धोका आहे. जॉर्डन एटकिन हिने २०१६ साली रंगवणं, चालणं, वाचणं अशा गोष्टींवर प्रयोग केले, आणि दिसलं असं की मोजमाप सुरू केलं की लोक ती गोष्ट जास्त करतात पण मजा कमी येते, ते काम वाटायला लागतं, आणि मोजणं बंद केल्यावर ती गोष्ट आपणहून करायची इच्छा पण कमी होते. जे मुळात कामासाठीच करतोय त्याला याचा त्रास कमी होतो. कादंबरी आपण मजेसाठीच वाचतो ना, म्हणजे धोका नेमका इथेच. महिनाअखेरीला टार्गेट पूर्ण करायला पातळ पुस्तक निवडणं, जाडजूड कादंबरी पुढच्या महिन्यावर ढकलणं, हे सुरू झालं की यादी आपल्याला चालवायला लागते, तेव्हा मी तर म्हणेन एकूण बेरीज लिहूच नका.

आणि तरीही वर्षानुवर्षं ठेवलेली यादी किती सांगू शकते हे बघायचं असेल तर चार्ल्स डार्विनच्या वह्या बघा. १८३८ पासून १८६० पर्यंत त्याने दोन प्रकारच्या याद्या ठेवल्या, वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं, तारखांसकट, आणि काही ठिकाणी बाजूला नुसतं चाळलं एवढाच शेरा. पुस्तक स्वतःचं असेल तर त्याच्या शेवटी तो कामाच्या गोष्टींची सूची करायचा, दुसऱ्याचं असेल तर सारांश वेगळा लिहायचा. २०१७ साली मरडॉक, ॲलन आणि डेडिओ या तिघांनी या यादीतल्या पुस्तकांचे मजकूर कम्प्युटरला दिले आणि प्रत्येक पुस्तक आधीच्या पुस्तकांपेक्षा विषयाने किती वेगळं, किती धक्का देणारं, हे मोजलं. सुरुवातीच्या वर्षांत डार्विन एकाच भागात खोल खणतोय आणि नंतरच्या वर्षांत लांब लांबच्या विषयांत उड्या मारतोय असं दिसलं, आणि हे बदल त्याच्या आयुष्यातल्या टप्प्यांशी जुळले, १८४६ मध्ये त्याने बार्नेकल या समुद्री जिवांचा अभ्यास घेतला, १८५४ ला तो संपवून परत प्रजातींच्या प्रश्नाकडे वळला. हे त्याला स्वतःला वाचताना दिसत असेल असं मला वाटत नाही, ते दिसलं कारण यादी क्रमाने होती.

यादी आणि आठवण यात किती फरक पडतो हे पण त्याच्याकडेच सापडतं. माल्थसचं लोकसंख्येवरचं पुस्तक वाचून त्याला निसर्गनिवडीची दिशा मिळाली, आणि जवळपास चार दशकांनी आत्मचरित्रात त्याने ते ऑक्टोबर १८३८ मध्ये सहज करमणूक म्हणून वाचल्याचं लिहिलं. त्याच्या टिपणवहीत मात्र माल्थसवरची ती नोंद २८ सप्टेंबरची आहे. फरक थोड्याच दिवसांचा, पण ती वही नसती तर तो कोणाला कळलाच नसता, आणि त्या दिवशी त्याने नेमकं काय लिहिलं होतं तेही आपल्याला मिळालं नसतं. याच डार्विनला कादंबऱ्या प्रचंड आवडायच्या, घरचे मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि शेवट दुःखी करण्याविरुद्ध कायदाच पाहिजे असं त्याने लिहून ठेवलंय!

सुरू करायचं असेल तर वही, एक्सेल शीट, ॲप, काहीही चालेल. संपवल्याची तारीख, नाव, आठवून लिहिलेल्या ओळी, कॉमिक असेल तर अंक आणि रेखाटन. अर्धवट सोडलेली पुस्तकं पण लिहा आणि कुठल्या पानावर सोडलं ते सुद्धा, कारण आपली आवड कुठे बदलतेय हे सोडलेल्या पुस्तकांतून जास्त कळतं असं मला वाटतं. आणि एखादं पुस्तक काही वर्षांनी दुसऱ्यांदा वाचलं तर जुनी नोंद आधी उघडू नका. नवीन ओळी लिहून झाल्या की मगच दोन्ही शेजारी ठेवा, म्हणजे बार्टलेटच्या लोकांसारखं आपल्या डोक्यात काय गळालं आणि काय नवीन घुसलं ते दिसेल, आधी वाचलीत तर त्यातलेच शब्द परत लिहाल.