हिवाळी टायर : लहान मोटारीसाठी निवड

हिम, बर्फ आणि थंडीने गारठलेला ओला रस्ता यांवर चाकाची पकड टिकावी म्हणून खास मिश्रणाच्या रबराचा व खास नक्षीचा बनवलेला टायर. या नोंदीत आकाशातून पडणारे ते हिम आणि गोठलेले पाणी ते बर्फ असा भेद पाळला आहे. टायर निवडताना हाच भेद सर्वांत जास्त उपयोगी पडतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वीडन, फिनलंड आणि कॅनडात नोकरी-शिक्षणासाठी गेलेली मराठी माणसे पहिली गाडी बहुधा जुनी आणि लहान घेतात आणि टायरांचा दुसरा संच हा त्यांना अनपेक्षित खर्च वाटतो. पण हा खर्च टाळण्यासारखा नाही.

साध्या टायरचे रबर उन्हाळ्यातल्या तापलेल्या डांबरासाठी घडवलेले असते. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की ते ताठर होऊ लागते, रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात शिरत नाही आणि घसरते. हिवाळी मिश्रणात सिलिका व मऊपणा टिकवणारे घटक असल्याने ते शून्याखालीही लवचीक राहते. दुसरा फरक नक्षीचा. नक्षीच्या प्रत्येक रबरी गुटक्यावर नागमोडी, पात्यासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, त्यांत हिम गच्च बसते आणि ते रस्त्यावरच्या हिमाला धरते. हिमाची हिमावर पकड रबरापेक्षा चांगली असते, म्हणून हिमाने भरलेली नक्षी हा दोष नाही. ओल्या बर्फावर त्याच चिरा पाण्याचा पातळ थर शोषून घेतात.

तरी टायर चमत्कार करत नाही. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लावल्यावर १२-१३ मीटरांत थांबते. दाबलेल्या हिमावर चांगल्या हिवाळी टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.३ धरला तर हे अंतर ३३ मीटर होते आणि वितळू लागलेल्या बर्फावर, म्हणजे ०.१ ला, जवळजवळ १०० मीटर. गाडी लहान आणि हलकी असल्याने ती लवकर थांबेल हा समज चुकीचा आहे. वजन कमी झाले की रस्त्यावरचा दाबही तेवढाच कमी होतो.

दुकानात जाण्याआधी आपला हिवाळा कोणता ते ठरवावे. म्युनिक किंवा व्हिएन्नाच्या हिवाळ्यात बहुतेक दिवस रस्ता ओला असतो, तापमान शून्य ते पाचच्या आसपास, हिम अधूनमधून. तिथे मध्य युरोपीय प्रकारचा टायर योग्य, कारण तो पाणी बाहेर फेकतो आणि महामार्गाच्या वेगाला स्थिर राहतो. उत्तर फिनलंडमध्ये किंवा कॅनडातल्या क्यूबेक प्रांताच्या आतल्या भागात आठवडेच्या आठवडे उणे १५-२० अंश असतात. तिथे नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपीय, प्रकारचा अधिक मऊ टायर लागतो. हाच मऊ टायर स्वस्तात मिळाला म्हणून जर्मनीत लावला तर ओल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर लागते आणि तो लवकर झिजतो. धातूचे खिळे बसवलेला टायर निव्वळ बर्फावर सर्वांत खात्रीचा, पण तो रस्ता उखडतो, धूळ उडवतो आणि आवाज करतो. जर्मनीत त्याला जवळपास सर्वत्र बंदी आहे. स्वीडनमध्ये चालतो, मात्र स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर २०१० पासून नाही.

टायरच्या बाजूवर काय वाचायचे? तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण हे चिन्ह सर्वांत आधी पाहावे. ते हिमावरची चाचणी पार केल्यावरच मिळते. नुसती ‘एम+एस’ अक्षरे म्हणजे चिखल व हिम. ती उत्पादक स्वतः छापतो, त्यामागे चाचणी असेलच असे नाही. युरोपीय संघात मे २०२१ पासूनच्या लेबलवर हिमाबरोबर बर्फावरील पकडीसाठीही वेगळे चिन्ह आहे आणि उत्तरेकडे राहणाऱ्याने ते पाहूनच टायर घ्यावा. बारमाही टायरवर डोंगराचे चिन्ह असेल तर तो कायद्याने हिवाळी धरला जातो. सपाट शहरात, कमी धावणाऱ्या लहान गाडीला तो पुरतो. डोंगराळ भागात नाही.

मापाचा विचार सावकाश करावा. समजा टायरवर १७५/६५ आर १४ ८२ टी असे लिहिले आहे : रुंदी १७५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम, म्हणजे टायर बसतो ते धातूचे कडे, १४ इंच, भारांक ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, आणि टी म्हणजे ताशी १९० किमीपर्यंत. बाहेरचा व्यास येतो ५८३ मिमी. १६५/७० आर १४ चा व्यास ५८७ मिमी, म्हणजे फरक एक टक्क्याहून कमी. गाडीच्या कागदपत्रांत परवानगी असेल तर हिवाळ्यासाठी हे अरुंद माप चांगले. अरुंद टायर भुसभुशीत हिमात खाली रुततो व घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद टायर हिम पुढे लोटत वर तरंगतो. शिवाय लहान रिमवरचे टायर स्वस्त असतात आणि हिमात चाकावर चढवायच्या साखळीला जागा राहते. पण रिम लहान करताना ते ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चकती पकडणाऱ्या चिमट्याला, घासणार नाही, मधले भोक हबवर, म्हणजे चाक बसते त्या मधल्या भागावर, बरोबर बसेल आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसते ते माप, जुळेल हे तपासावे. भारांक दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत दिलेल्यापेक्षा कमी कधीच नसावा.

चारही टायर एकाच प्रकारचे हवेत. पैसे वाचवायला फक्त पुढच्या दोन चाकांना हिवाळी टायर लावणे ही लहान गाड्यांतली सर्वांत धोक्याची काटकसर आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना असल्याने गाडी निघते छान, चालकाला विश्वास वाटतो, आणि वळणावर ब्रेक लावताच मागचा भाग सुटून गाडी गरकन फिरते.

जुने टायर घेताना बाजूवरील ‘डीओटी’ अक्षरांच्या मालिकेतले शेवटचे चार आकडे पाहावेत : ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५वा आठवडा. सहा वर्षांहून जुने रबर नक्षी खोल असूनही कडक झालेले असू शकते. नव्या टायरची खाच सुमारे ८ मिमी असते. ४ मिमीच्या खाली हिमावरची पकड झपाट्याने ढासळते, म्हणून जर्मनीच्या कायद्यातल्या १.६ मिमीवर विसंबू नये. १ युरोच्या नाण्याची सोनेरी कडा सुमारे ३ मिमी रुंद आहे. नाणे खाचेत उभे केल्यावर ती पूर्ण बुडत नसेल तर तो टायर हिवाळ्यासाठी संपला.

बसवताना बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पुढे असावा. हबवरचा गंज ब्रशने काढावा, नाहीतर रिम तिरके बसून स्टिअरिंग थरथरते. नट समोरासमोरच्या क्रमाने, ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या टॉर्क पान्याने आवळावेत. लहान गाड्यांत हे मूल्य बहुधा ८५ ते १२० न्यूटन-मीटर असते, नेमके गाडीच्या पुस्तिकेत मिळते. सुमारे ५० किमी चालवून पुन्हा तपासावे. पोलादी आणि मिश्रधातूच्या रिमचे बोल्ट पुष्कळदा वेगळे असतात. चुकीचा बोल्ट पूर्ण बसत नाही आणि हळूहळू सैल होतो. हवेचा दाब १० अंशांमागे ०.१ बारने उतरतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये २.२ बार, म्हणजे आपल्या बोलीत ३२ पाउंड, भरलेली हवा उणे १० अंशांत २७ पाउंड उरते. म्हणून दाब थंडीत उभ्या असलेल्या गाडीचाच मोजावा.

कायदे देशागणिक बदलतात. जर्मनीत तारीख नाही; रस्त्यावर हिम, बर्फ वा गोठलेले दव असले की हिवाळी टायर हवेच, नसल्यास ६० युरो दंड व चालकाच्या नावावर एक दंडगुण. लोक ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर, असा हिशेब ठेवतात. ऑस्ट्रियात हिवाळी परिस्थितीत १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल आणि किमान ४ मिमी नक्षी. क्यूबेकमध्ये हवा कशीही असो, १ डिसेंबर ते १५ मार्च.

महाराष्ट्रात या टायरची गरज नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते ते तासा-दोन तासांपुरते. उरलेल्या वर्षात हे मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजेल आणि ब्रेकही लांब लागेल. पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने मनालीकडे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. २०२० मध्ये खुल्या झालेल्या ९ किमीच्या अटल बोगद्यामुळे हिवाळ्यातही मनालीपलीकडच्या लाहौल खोऱ्याकडे जाता येते, आणि बोगद्याकडे जाणाऱ्या चढावर गाड्या घसरतात. तिथे लहान गाडीला टायरच्या मापाच्या साखळ्या उपयोगी पडतात. त्या पुढच्या, म्हणजे ताकद मिळणाऱ्या चाकांना लावाव्यात, शंभरेक मीटर गेल्यावर पुन्हा ताणाव्यात, वेग ताशी ५० किमीच्या आत ठेवावा आणि उघडे डांबर लागताच काढाव्यात. तशाच चालवल्या तर कडी तुटून चाकाभोवतीचा पत्रा व ब्रेकची नळी फाटू शकते.