जुने ट्युलिप बहुतेक खासगी बागेतच का भेटतात?

ट्युलिपची युरोपातली पहिली नीट नोंद एका खासगी बागेतली आहे. एप्रिल १५५९ मध्ये झुरिकचे निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर यांनी ऑग्सबर्गमध्ये योहान हाइनरिश हेरवार्ट यांच्या बागेत हे लाल फूल पाहिलं. त्याचं बी कॉन्स्टँटिनोपलकडून (आजचं इस्तंबूल) आल्याचं त्यांना कळलं होतं. दोन वर्षांनी त्यांनी केलेलं वर्णन छापून आलं आणि पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने बागेतल्या ट्युलिपला त्यांचंच नाव दिलं.

१५९३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस नेदरलँड्समधल्या लायडनला आले, ते ट्युलिपचे कंद सोबत घेऊन. त्यांच्या बागेतून कंद चोरीला जात. नंतरची या कंदांवरची सट्टेबाजी आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये तिथल्याच हार्लेम शहरातून सुरू झालेली भावांची घसरण बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते. त्या वेड्या भावामागचं कारण मात्र जास्त विलक्षण आहे.

सगळ्यात महाग फुलं होती पट्टेरी. साधा एकरंगी ट्युलिप एखाद्या वर्षी अचानक पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीवर लाल-जांभळ्या ज्वाळा घेऊन फुलायचा. असं का होतं, हे जवळजवळ तीनशे वर्षं कुणालाच उमगलं नाही. १९२८ मध्ये इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेतल्या डोरोथी केली यांनी दाखवून दिलं की हा संसर्ग आहे. आता आपल्याला माहीत आहे की तो विषाणू आहे आणि मावा ही कीड तो पसरवते. पांढरी माशी भेंडीवर केवडा रोग आणते, तसंच हे. विषाणूमुळे पाकळीतला वरचा रंग जागोजागी तुटतो आणि खालचा पांढरा किंवा पिवळा रंग बाहेर डोकावतो. पण कंद कमजोर होतो, पिल्लं (बाजूचे छोटे कंद) कमी धरतो. शिवाय शेजारची निरोगी झाडंही धोक्यात येतात. म्हणून व्यापारी शेतात असं झाड दिसलं की उपटून टाकतात. बाजारात ‘रेम्ब्रांट’ नावाने मिळणारे आजचे पट्टेरी ट्युलिप विषाणूमुक्त, निवडीतून तयार केलेले आहेत.

मग अस्सल जुने टिकले कसे? हातोहात. बियांपासून फूल यायला पाच-सात वर्षं लागतात आणि तेही आईसारखं येत नाही. जात राखायची तर कंदाची पिल्लंच लावत राहावी लागतात. त्यामुळे १७८० चा ‘अब्सलॉन’ नावाचा पट्टेरी ट्युलिप आज कुणाच्या वाफ्यात फुललेला दिसतो तेव्हा ती त्याची नक्कल नसते, तेच झाड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

हे काम इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणात कष्टकऱ्यांनी केलं. डर्बीचे टॉम स्टोरर रेल्वेत इंजिन चालवत आणि रुळांच्या कडेच्या उतारावर ट्युलिप लावत. त्यांच्या एका देखण्या पिवळ्या-तपकिरी जातीला मँचेस्टरजवळचे कारखानदार आणि ट्युलिपप्रेमी सॅम बार्लो यांचं नाव आहे. १८४९ ची राष्ट्रीय ट्युलिप संस्था १९३६ मध्ये बंद पडली, पण वेकफील्डची १८३६ पासूनची संस्था टिकून आहे. तिथे मे महिन्यातल्या प्रदर्शनात फुलं अजूनही बिअरच्या तपकिरी बाटल्यांत मांडतात.

परीक्षक फुलात वाकून बघतात. तळ डागाविना स्वच्छ हवा, पुंकेसरही स्वच्छ हवेत. रंग पाकळीच्या फक्त काठावर असेल तर तो ‘पीस’ (पक्ष्याच्या पिसासारखा), मधोमध उभा लोळही असेल तर ‘ज्वाळा’. एखाद्या बागेत हे फूल बघायची संधी मिळाली, तर नजर आधी याच ठिकाणी न्यावी. बाहेरून फूल बंद आणि साधंच वाटतं. ऊन चढून ते उघडल्यावर खरा नक्षीदार भाग दिसतो, म्हणून सकाळी लवकर जाण्यात फारसा अर्थ नाही.

श्रीनगरच्या २००७ पासूनच्या ट्युलिप बागेत एप्रिलमध्ये मराठी पर्यटकांची गर्दी असते. तिथले रंगीत पट्टे सुंदरच, पण तो आधुनिक संकरित जातींचा बहर. जुन्या जाती कुणालाही सहज बघायच्या असतील, तर नेदरलँड्समधल्या लिमेन गावी ‘हॉर्टस बल्बोरम’ हा १९२० च्या दशकात सुरू झालेला संग्रह आहे. तिथे १५९५ ची ‘डुक व्हान टोल’सुद्धा लावलेली असते.