कलावंताच्या आयुष्यावर नाटक काढताय? परवानगी कोणाची, कशाची आणि कागद कोणते

एखाद्या गायकाच्या किंवा नटाच्या आयुष्यावर नाटक करायचं ठरलं की निर्माता पहिली धाव घेतो ती त्यांच्या घरी. मुलगा नाहीतर सून प्रेमाने चहा पाजते, ‘सदर नाट्यप्रयोगास आमची हरकत नाही’ असं एका ओळीचं पत्र देते आणि तालमी सुरू होतात. असंच एक पत्र माझ्याकडे तपासायला आलं होतं. सही ठसठशीत होती. पण नाटकात अकरा गाणी होती आणि त्यांतल्या एकाचाही हक्क त्या घराकडे नव्हता. नायक गायक होता; शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रिका तिसऱ्याच कंपनीची.

म्हणून आधी एक कागद घ्या आणि नाटकात काय काय ‘दुसऱ्याचं’ आहे ते लिहून काढा. परवानगी माणसाच्या आयुष्याची मागायची नसते, त्या आयुष्याभोवतीच्या एकेका कलाकृतीची मागायची असते.

आयुष्य मोकळं, मांडणी बांधलेली

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ घटनेला, माहितीला किंवा कल्पनेला संरक्षण देत नाही. शब्दांत, सुरांत उतरलेल्या मांडणीला देतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा आर. जी. आनंद निकाल तर नाटकावरूनच झालेला. आपल्या नाटकावरून सिनेमा काढला अशी नाटककाराची तक्रार होती. कल्पना एकच असली तरी मांडणी वेगळी असेल तर तो भंग नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे जन्म, लग्न, गाजलेला दौरा, कंपनी बुडाल्याची हकिकत यावर कुणाची मालकी नाही. मात्र चरित्रकाराने रंगवलेला प्रसंग किंवा त्याने लिहिलेले संवाद जसेच्या तसे घेतलेत तर ते त्याच्या पुस्तकाचं नाट्यरूपांतर ठरू शकतं आणि त्याला परवानगी लागते. पत्रांची गंमत वेगळी. पत्र ज्याच्या कपाटात आहे त्याचा कागद, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा.

मग घरच्यांचा हक्क काहीच नाही का? सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं लेखन संमतीशिवाय करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालात आहे. दिवंगत व्यक्तीचा खासगीपणाचा हक्क वारसांकडे जात नाही, अशी भूमिका मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घेतली. पण नायक हयात असेल आणि तुम्ही नोंदींपलीकडे जाऊन त्याच्या संसारात शिरलात, तर संमतीविना पुढे जाऊ नका. मृताची बदनामी हाही गुन्हा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप येतो. आवाजाची यंत्राने केलेली नक्कल टाळा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका लोकप्रिय गायकाला त्याविरुद्ध संरक्षण दिलं आहे. थोडक्यात, घरच्यांचं पत्र घ्याच, पण ते गाण्यांचं पत्र नव्हे.

गाणी: खरा हिशेब इथे

कवी, नाटककार, संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं. मोजणी निधनानंतरच्या १ जानेवारीपासून. बालगंधर्वांवर नाटक करताय आणि ‘मानापमाना’तलं पद रंगमंचावर गायचंय, असं धरू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे शब्द २००८ च्या अखेरीस मोकळे झाले. चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणजे चाल २०१५ अखेर मोकळी. तुमचा नट ते पद स्वतः गाणार असेल तर कुणाच्या दारी जायला नको. तेच पद १९८० साली निघालेल्या तबकडीवरून वाजवलंत तर? ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं, म्हणजे २०४० पर्यंत कंपनीची परवानगी हवी.

उलट गदिमांचं गाणं घ्या. ते १९७७ मध्ये गेले, शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. चाल सुधीर फडक्यांची असेल तर ते २००२ मध्ये गेले, म्हणून तिचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. एकाच गाण्याच्या दोन तारखा. निर्मात्यांची चूक नेमकी इथेच होते.

शब्द-संगीताच्या प्रयोग हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे चौकशी करा. पण गाणं मैफिलीत गाणं आणि कथानकात गुंफणं या निराळ्या गोष्टी आहेत. त्यांचा परवाना नाटकाला पुरतो का ते लेखी विचारा. नाहीतर थेट हक्कदाराशी करार. सिनेमाची चित्रफीत पडद्यावर दाखवायची तर निर्मात्याकडे जावं लागेल. गाण्याचे शब्द विनोदासाठी बदलणार असाल तर तेही परवानगीत नमूद करून घ्या, कारण विकृत केल्याची हरकत कवी किंवा त्याचे वारस प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ खाली घेऊ शकतात.

परवानगीपत्रात काय हवं

कृतीचं नाव, कोणता हक्क, किती काळ, कोणता प्रदेश, किती रॉयल्टी, आणि हक्कदाराची सही. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे अमेरिकेचा दौरा ठरला की ते एका ओळीचं पत्र कामाचं नाही. सही करणारा वारस असेल तर मृत्युपत्र किंवा वारसाचा पुरावा, आणि वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या किंवा मुखत्यारपत्र.

हौशी मंडळींना थोडी सवलत आहे. हौशी संस्थेने तिकीट न लावता केलेला प्रयोग, किंवा शाळा-कॉलेजने आपल्याच विद्यार्थी, शिक्षक, पालकांपुढे केलेला प्रयोग त्याच कायद्याच्या कलम ५२ मधल्या सवलतीत बसतो. हौशी संस्थेने दारावर तिकीट विकलं की सवलत गेली. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठीचा प्रयोग एवढाच अपवाद.

स्वतःची संहिता नोंदवताना

नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिताक्षणी मिळतो. पण भांडण झालं तर दाखला उपयोगी पडतो. प्रताधिकार कार्यालयाच्या संकेतस्थळावर नमुना १४ भरायचा, नाट्यकृतीला शुल्क ५०० रुपये. सोबत संहितेच्या प्रती आणि तपशिलाचं विवरणपत्र. अर्जदार लेखक नसेल तर लेखकाचं ना हरकत पत्र, वकील अर्ज करणार असेल तर वकालतनामा. अर्जाचा डायरी क्रमांक मिळाल्यावर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं, मग छाननी.

महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. ज्याला सगळे ‘सेन्सॉर’ म्हणतात, त्या प्रमाणपत्राने मजकुराची तपासणी झाली एवढंच कळतं. गाणी कुणाची, याची जबाबदारी निर्मात्याचीच राहते. तालमीत आयत्या वेळी एखादं गाणं बदललंत तर त्याच्या दोन्ही तारखा पुन्हा मोजा.