नव्या चष्म्यातून नागमोडी रेषा दिसतात? काच बदलायला येण्याआधी वाचा

नंबर चुकला तर अक्षर पुसट दिसतं, पायरी उतरताना जमीन वरखाली वाटते. चमचमणारी, सरकणारी रेषा मात्र चुकीच्या नंबरामुळे दिसत नाही. ती बहुतेकदा अर्धशिशीची पूर्वसूचना असते. डॉक्टर तिला ऑरा म्हणतात. वाचताना शब्दातलं एखादं अक्षरच गायब होतं, मग त्या जागेला करवतीच्या दात्यांसारखी लकाकती कड फुटते आणि ती वाकत वाकत बाजूला पसरते. 5 ते 60 मिनिटांत सगळं ओसरतं. नंतर बहुधा डोकं ठणकतं, काहींचं दुखतही नाही. कुणाला बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या चढतात. हे घडतं मेंदूत: मागच्या भागात पेशींच्या विद्युत हालचालीची एक लाट मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर सरकते, म्हणून रेषाही सावकाश सरकते.

घोळ होतो तो इथे. गिऱ्हाईक म्हणतं, “उजव्या डोळ्यात दिसतं, उजवी काच बदला.” आधी चष्मा काढा. मग एकेक डोळा तळहाताने झाका. डावा झाकला तरी रेषा उजवीकडे, उजवा झाकला तरी उजवीकडेच, आणि दोन्ही मिटूनही चमकतेय? मग काचेचा संबंध नाही. हे रेषा दिसत असतानाच करायचं, नंतर आठवून सांगितलेलं हमखास चुकतं. सुरू झाल्याची वेळ टिपा, दर 5 मिनिटांनी रेषेचं चित्र काढा. डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडतो. त्या वेळात गाडी चालवू नका.

अशा अवस्थेत आम्ही नंबर काढत नाही, यावर काहीजण रागावतात. पण तक्त्यावरची अक्षरंच गळत असतील तर निघणारा नंबर भलताच येतो. दुसऱ्या दिवशी या. आमच्या काचेची पॉवर आणि अ‍ॅक्सिस (तिरक्या नंबराचा कोन) मशीनवर तुमच्यासमोर मोफत तपासू; चूक आमची निघाली तर काच बदलून देऊ.

एकाच डोळ्यावर पडदा आल्यासारखं झालं, किंवा काळे ठिपके अचानक वाढून लखलखाट दिसले, तर दुकानात वेळ घालवू नका. त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा नजर एकदम गेली तर 108. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच ऑरा आला तरी डॉक्टरांना दाखवाच. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनी ऑराबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

उजेड टोचणाऱ्यांसाठी काचेवर गुलाबीसर रंगाचा एफएल-41 टिंट आमच्याकडे करून मिळतो. ऑरा त्याने थांबेलच असं नाही, पण ट्यूबलाइटखाली काहींना बरं वाटतं. नमुना काच 15 मिनिटं लावून बघा, मगच ऑर्डर द्या. घरात दिवसभर काळा गॉगल मात्र नको; सवय झाली की साधा उजेडही जास्त टोचतो.