सायकल वाढवल्या की पीसीआरमध्ये काहीही सापडतं?

"पीसीआरच्या सायकल वाढवत गेलं की कुणाच्याही सॅम्पलमध्ये काहीही सापडतं" असा फॉरवर्ड फिरतो, आणि शंका येणं साहजिकच, कारण पीसीआर म्हणजे डीएनएच्या कॉपी काढणारी टेस्ट, दर सायकलला, म्हणजे तापवण्या-थंड करण्याच्या एका फेरीला, कॉपी दुप्पट होतात, म्हणून ३० सायकलमध्ये डीएनएच्या एका तुकड्याच्या १०० कोटींच्या आसपास कॉपी होऊ शकतात. पण कॉपी होते ती प्रायमर (शोधायच्या तुकड्याला चिकटणारे डीएनएचे छोटे धागे) जुळतात त्याच तुकड्याची, तो मुळात नसेल तर दुप्पट काय होणार? मायक्रोफ्लुइडिक चिपवरही तेच, बारीक नळ्यांतला इवलासा थेंब ९५ डिग्रीला तापतो मग ६० च्या आसपास येतो, थेंब छोटा म्हणून काम फटाफट, केमिस्ट्री तीच. खरा धोका बाहेरचा डीएनए मिसळण्याचा, म्हणून सोबत डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेलं निगेटिव्ह कंट्रोल लावतात. लॅबला बिनधास्त विचारा, ते कोरं आलं का? त्यात सिग्नल दिसला तर टेस्ट परत करायला हवी.