‘गोंयकाराच्या रक्तातच संगीत’ : एक खुलासा

पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमधला जुना बँडस्टँड दिसला, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला संगीत शिकावं लागत नाही, ते रक्तातच असतं.’ ऐकायला गोड, पण खरं नाही. शिवाय त्यात कित्येक पिढ्यांच्या मास्तरांची मेहनत पुसली जाते, हे मला फार लागतं.

पोर्तुगीज काळात चर्चला जोडून गावोगावी शाळा असत. अक्षरांच्या बरोबरीने तिथे सोल्फेज शिकवलं जाई: कागदावरची स्वरलिपी बघायची, हाताने ताल धरायचा, स्वर अचूक गायचा. ते पक्कं झालं की हातात व्हायोलिन, पुढे क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट. चर्चमधल्या गायनवृंदात आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) ब्रास बँडमध्ये रियाज आपोआप होई.

समोर ठेवलेली स्वरलिपी लगेच वाजवता येणारी माणसं ब्रिटिश हिंदुस्थानात बँडना हवीच होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतालाही तीच लागली. गोव्यातल्या माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या संगीतमास्तरांचे चिरंजीव. घरीच वडिलांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे त्यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. पणजीत 1952 साली आंतोनियो द फिगेरेदो यांनी संगीत अकादमी काढली, तीही शिकवण्यासाठीच.