ग्रामसभा की मासिक सभा : विषय नेमका कुठं मांडायचा?

"मिटिंगमध्ये विषय घेतलाय, ठराव झालाय." गटार तुंबलं असो, खांबावरचा दिवा गेला असो की नळाला चार दिवस पाणी नसो, ग्रामपंचायतीत विचारायला गेलं की हेच ऐकू येतं. आपणही "बरं" म्हणून परत फिरतो. कुठल्या मिटिंगमध्ये, हे विचारायचं राहून जातं आणि गोम तिथंच असते. एकाच कार्यालयात, एकाच सरपंचांच्या अध्यक्षतेखाली दोन अगदी वेगळ्या सभा भरतात. दोन्हींचं इतिवृत्त लिहिणारा ग्रामसेवकही एकच. (कागदोपत्री तो आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालाय, पण गावात अजून कुणी तसं म्हणत नाही.)

मासिक सभा ही बॉडीची. निवडून आलेले 7 ते 17 सदस्य महिन्यातून एकदा बसतात. बिलं मंजूर करतात, कामांचे आदेश आणि खर्चाचे ठराव करतात. तिथं गावकऱ्याला मत नसतं.

ग्रामसभा ही मतदारांची. गावच्या मतदार यादीत नाव असलं की तुम्ही तिचे सदस्य. अर्ज नाही, निवडणूक नाही. बॉडी दर पाच वर्षांनी बदलते, ग्रामसभा कधीच बरखास्त होत नाही. 24 एप्रिल 1993 पासून लागू झालेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने तिला थेट राज्यघटनेत जागा दिली. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. सरपंचांनी सबळ कारणाशिवाय सभा टाळली, तर पद जाऊ शकतं.

मग कुठला विषय कुठं? खांबावरचा दिवा बदलायला ग्रामसभेची वाट बघू नका. कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फार तर मासिक सभेत खर्चाचा विषय होईल. पण नवी पाइपलाइन आधी कुठल्या वस्तीला, घरकुलाच्या यादीत कोण, गेल्या वर्षीचा पैसा कुठं गेला, हे प्रश्न ग्रामसभेचे. 2015-16 पासून 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून जो वार्षिक आराखडा होतो, त्यालाही मंजुरी ग्रामसभेचीच लागते. तो बॉडीने परस्पर उरकला, तर पुढं बारा महिने मासिक सभेत भांडून फारसं काही हाती लागत नाही. तिथं फक्त आराखड्यातल्या कामांचे पैसे सुटतात.

आणखी एक गोष्ट पाठ असू द्या. केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेली. उरलेल्या 40 टक्क्यांतच बाकीचं सगळं. त्यामुळं "सभामंडप नको, आधी पाणी" म्हणणाऱ्या बाईच्या बाजूने नुसती तळमळ नसते, निधीचा नियमही असतो. तो तिला कुणी सांगत नाही, एवढंच.

दोन सभांमधला फरक सगळ्यात ठळक दिसतो तो सरपंचांवर अविश्वास आला की. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला, तरी खुर्ची लगेच जात नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेपुढं जातो आणि गाव गुप्त मतदानाने ठरवतं.

आता कोरम, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी. ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तो लागतो. गावात 1,400 मतदार असतील तर 100 पुरेत. 400 असतील तर 60. एवढेही जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! मला तर ही पळवाट कायद्यातली सगळ्यात महाग वाटते. पहिल्या तारखेला गाव शेतात, दुसऱ्या तारखेची दवंडी कुणाला ऐकू येत नाही आणि पंधरा माणसं अख्ख्या गावाचं वर्ष ठरवून चहा पिऊन उठतात.

आमच्याकडं तर सभा झाल्यावर आठवड्याने शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला होता. "वहिनी, सही राहिली." आईने केली. शेवटचा विषय आणि सह्या यांच्यात अर्धं पान कोरं होतं. पुढं त्या पानावर 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली तीन ठराव उगवले.

उलट हिवरे बाजार बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून जे झालं त्याचं कौतुक बहुतेकांना ठाऊक आहे; ते कुठल्या सभेत झालं, याकडं कमी लक्ष जातं. तिथं पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडतात आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा निर्णयही गावाचाच. सात-नऊ सदस्यांनी मासिक सभेत असा ठराव केला असता, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी बोअरची गाडी शेतात उभी केली असती. स्वतः हात वर केलेला माणूस शेजाऱ्यावरही लक्ष ठेवतो.

(शहरातल्या वाचकांनी हसू नये. तुमच्यासाठीही कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे तुमच्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. तिथं शेवटचं कधी बसलात?)

तेव्हा पुढच्या वेळी "ठराव झालाय" ऐकलंत, तर तिथंच नक्कल मागा. तीत पाहायचं ते एवढंच : सभा कुठली, तारीख, ठराव क्रमांक, सूचक कोण, अनुमोदक कोण. आणि तुमची सही त्या रजिस्टरात असेल, तर ती कुठल्या दिवशी केली होती तेही आठवून बघा.